एका हाताचं कुत्रं

डॉबरमन घ्यायच्या आधी काय काय बघावं, असं मला हल्ली कोणीही येऊन विचारतं. फाटकासमोर मोटारसायकल थांबवतात, पाय खाली टेकतात, आत बसलेल्या आमच्या कुत्र्याकडे, जमादारकडे, बघत राहतात आणि म्हणतात, "बाई, काय रुबाब हाय ओ! आमाला बी असलंच पिल्लू आणायचंय." ताडकळसला मी पुष्कळ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. त्यामुळे विचारणारा बहुतेक माझाच विद्यार्थी निघतो, आणि त्याला उभं करून सुनावायची माझी सवय अजून गेलेली नाही.

मी सांगते, बाबा, याच्या अंगावर केस नावालाच असतात. डिसेंबरात आपल्या परभणीची थंडी पेपरात छापून येते ना, तेव्हा हा कुडकुडत माझ्याकडे बघतो. माझी चांगली काश्मिरी शाल त्याच्या पाठीवर गेली, तिला आता नाड्या लावल्यात. उन्हाळ्यात हौदाजवळच्या ओल्या जागेवरून तो उठत नाही. साखळीला बांधून ठेवलास तर त्याचं डोकं फिरेल. रोज दोन्ही वेळा त्याला पळवावं लागेल, आणि तुझं पोट बघता आधी तूच बसशील. एकटा ठेवलास तर दाराचा रंग खरवडून काढेल. त्याला माणूस लागतं, सारखं लागतं. आपण संडासला गेलो तरी बाहेर बसून राहतो.

एवढं ऐकूनही पोरगं हसतच असतं. मग मी शेवटचं विचारते, घरात याला कोण कोण सांभाळणार? तेव्हा तो छाती फुगवून म्हणतो, "मीच की बाई. दुसऱ्या कुणाचं ऐकूच द्यायचं न्हाई त्याला."

तिथं माझा आवाज चढतो. मग मागून बैठकीतल्या पलंगावरून यांच्या डाव्या हातानं कठडा वाजतो. म्हणजे, अगं, पुरे.

आमचे हे परभणीच्या कोर्टात नाझर होते. जप्तीचं सामान, बेलीफ, शिपाई सगळे यांच्या हाताखाली. त्यामुळे घराबाहेर यांचं नावच नाझरसाहेब पडलं. गाव म्हणे नाझरसाहेब, भाजीवाली म्हणे नाझरसाहेब, माझे सख्खे भाऊसुद्धा नाझरसाहेबच म्हणत. धाकटे दीर दादा म्हणत, आमची ईश्वरी बाबा म्हणते, मी अहो म्हणते. नुसत्या नावानं हाक मारणारं एकच माणूस होतं, माझी सासू केशरबाई. त्या जाऊनही बरीच वर्षं झाली.

मी नाव घेत नव्हते. उगीच जुनाट बाई समजू नका. मी बी.ए., डी.एड. आहे, कागदावर यांचं नाव हजारदा लिहिलंय, हात कधी अडला नाही. तोंड मात्र अडायचं. लग्न होऊन आले त्या दिवशी सासूबाईंनी सांगितलं की नवऱ्याचं नाव घेतल्यानं त्याचं आयुष्य कमी होतं. मला ते तेव्हाही खरं वाटलं नव्हतं. पण जीभ एकदा वळली ती वळलीच. एका वर्षी वर्गात यांच्याच नावाचा मुलगा आला. हजेरी घेताना मी सगळ्यांना नावानं पुकारायचे आणि त्याला 'अकरा नंबर' म्हणायचे. तो पोरगा आता बाजारात भेटला की स्वतःच सांगतो, "बाई, मी अकरा नंबर." हे त्यावर पोट धरून हसायचे.

रिटायर झाल्यावर यांनी गावाबाहेर पूर्णेच्या रोडला घर बांधलं. चारी बाजूंनी भिंत, पुढं मोठं अंगण, अंगणात पाण्याचा हौद, लोखंडी फाटक. फाटकाच्या खांबावर काळ्या दगडाची पाटी बसवली, तिच्यावर यांचं नाव सोनेरी अक्षरांत. शेजारी फक्त चांगुणाबाईंचं घर. मग आजूबाजूच्या मळ्यांतून बोअरच्या मोटारी चोरीला जायला लागल्या, आणि यांनी ठरवलं की घरात कुत्रं पाहिजे, तेही साधंसुधं नको.

मी म्हटलं, "गावात काय कमी कुत्री आहेत का? दोन भाकरी टाका, चार येतील."

"ती चोरालाबी शेपूट हलवतात," हे म्हणाले. "आपल्याला एका हाताचं पाहिजे."

हा शब्द यांच्या आईचा. केशरबाईंची एक गाय होती, ती एका हाताची होती. म्हणजे त्यांच्याशिवाय कोणाला दूध देत नसे, दुसरं कोणी कासेला हात लावला की लाथ मारायची. सासूबाईंना त्याचा मोठा अभिमान. लग्नाला जायचं म्हटलं तरी जायच्या नाहीत, गाय धार देणार नाही म्हणून. त्या बाळंतपणाच्या बाजेवर होत्या तेव्हा गाय तटतटून ओरडत होती, तर तशाच उठून धारेला बसल्या म्हणे. घरात हे सगळं कौतुकानं सांगितलं जायचं. गायीचे आणि बाईचे हाल झाले, असं कोणी म्हणत नसे. मीही म्हटलं नाही.

तर हे कुठून तरी नांदेडकडून डॉबरमनचं पिल्लू घेऊन आले. काळं, भुवयांवर तांबडे ठिपके, पाय लांबच लांब, आणि नजर फक्त यांच्यावर. नाव ठेवलं जमादार. मी म्हटलं, "नाझर रिटायर झाला तरी हाताखाली कोणी तरी पाहिजेच म्हणा."

"पाहिजे तर," हे म्हणाले. "तू ऐकत न्हाईस, निदान ह्यो तरी ऐकंल."

आणि तो खरंच ऐकायला लागला. सहा महिन्यांत यांनी त्याला असा तयार केला की बघणारे थक्क व्हायचे. फोनवर व्हिडिओ बघायचे, वहीत काही टिपायचे नाहीत, सगळं डोक्यात. त्याला खायला फक्त यांनी घालायचं. मी घालायचं नाही, ईश्वरी सुट्टीला आली तर तिनंही नाही. चोर मटणात विष घालून टाकतात, म्हणून पडलेलं खायचं नाही. आणि खायचं ते उजव्या हातातलं. डाव्या हातानं दिलं की तो मान फिरवायचा. आपल्यात डाव्या हातानं कोणी कोणाला काही देतं का? ते त्यांनी कुत्र्यालाही शिकवलं. पाहुणे आले की हे डाव्या हातात बिस्कीट धरायचे, जमादार मान फिरवायचा, मग उजव्या हातात धरायचे, तो खायचा, आणि पाहुणे टाळ्या वाजवायचे.

आणि एक शब्द होता.

हे फाटकापाशी कोणावर तरी जमादारला सोडल्यासारखं करायचे. तो दात काढून धावायचा. मग हे त्याच्या कानाजवळ वाकून काही तरी पुटपुटायचे आणि जमादार तिथल्या तिथं खाली बसायचा. अंगातली सगळी ताठरता जायची. मग त्याच्या डोक्यावर कोणीही हात ठेवावा, कोणीही भाकरी भरवावी.

"तो शब्द काय आहे?" मी विचारलं.

"सांगत नसतो."

"अहो, मी काय चोर आहे का?"

"तू चोर न्हाईस, पण तू चांगुणाबाईला सांगशील, चांगुणाबाई बाजाराला सांगंल. शब्द फुटला की कुत्रं गेलं कामातून." मग मिशीत हसून म्हणाले, "शब्द तुला ठावं हाय. पर तुझ्या तोंडातनं जन्मात निघायचा न्हाई. म्हनून तर निवडला."

मी फणकाऱ्यानं आत गेले. मला वाटलं, कोर्टात बेलिफांच्या तोंडी असते तसली एखादी घाणेरडी शिवी असणार. माझ्या तोंडातून दुसरं काय निघायचं नाही? शिवाय मला राग होता तो वेगळाच. मी रोज ज्या कुत्र्याच्या केसांनी भरलेली फरशी पुसत होते, त्यानं मला हौदापर्यंत जाऊ द्यायचं की नाही हे नवऱ्यानं ठरवायचं. मी म्हणायचे, "तुम्हाला काही झालं तर?" हे म्हणायचे, "मला काय होतंय?" पन्नाशी-साठीच्या पुरुषांना हा प्रश्न विचारला की सगळे हेच म्हणतात.

त्या दिवशी बाजार होता. ताडकळसचा बाजार म्हणजे आसपासची सगळी खेडी गावात आणि आमच्या बाजूचे सगळे मळे मोकळे. मी आत शेंगदाणे भाजत होते. हे जमादारचं खाणं घेऊन अंगणात गेले. जर्मनचं पातेलं फरशीवर पडून वाजलं, गोल गोल फिरत राहिलं आणि थांबलं. मी म्हटलं, "काय पाडलं हो?"

जाळीच्या दारातून बघितलं तर हे हौदाजवळ आडवे पडलेले. उजवा हात अंगाखाली, तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे उघडे. मी दार लोटून धावले आणि पहिल्याच पायरीवर थांबले. जमादार यांच्या अंगावर चारी पाय टाकून उभा होता. माझ्याकडे बघून त्यानं दात काढले.

मला आधी त्याचा अर्थच कळेना. हा आमच्या घरातला. माझी शाल पांघरून झोपणारा. मी म्हटलं, "जमाऽदार, बाळा, मी आहे." तो भुंकला नाही. भुंकला असता तर बरं झालं असतं. तो नुसता घशातून गुरगुरत राहिला आणि मी पाऊल पुढं टाकलं तसा एक पाऊल पुढं आला. मी मागं सरले. मला माझी लाज वाटली, पण सरले.

मी ओरडून चांगुणाबाईंना हाक मारली. त्या भिंतीवरून डोकावल्या आणि "अगं माय गं!" म्हणत छातीवर हात मारून घेतला. त्यांनीच फोन केले. अँब्युलन्स बोलावली, बाजारातून माणसं बोलावली. माणसं आली, लगेच आली. फाटकाबाहेर गर्दी झाली. मी दारात, हे मध्ये, लोक फाटकात. आमच्या दोघांच्या... नाही, आमच्या सगळ्यांच्या मध्ये ते एक कुत्रं. यांचे डोळे माझ्यावर. ओठ एका बाजूनं हलत होते आणि घशातून "आ... आ..." एवढंच निघत होतं.

नागनाथ म्हणून एक ट्रॅक्टर चालवणारा धट्टाकट्टा माणूस आहे, यांना फार मानतो. "साहेब, आलो म्या," म्हणून तो भिंतीवरून आत उतरला. हातात काठी होती. जमादारनं काठीकडे बघितलंच नाही, सरळ मनगटाच्या वर धरलं. तीन जणांनी फाटकातून हात घालून कडी काढली आणि नागनाथला बाहेर ओढून घेतलं. त्याचा सदरा लाल झालेला बघून पुढचे दोघं, जे भिंतीवर चढले होते, ते गुपचूप खाली उतरले. त्यांना नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही. मीसुद्धा दारातच होते.

कोणी तरी बाजारातून मटण आणून टाकलं. ते यांच्या छातीजवळ पडलं. जमादारनं वास घेतला आणि मान फिरवली. हे फार चांगले मास्तर निघाले. माझ्या वर्गातली पोरं एवढी कधी शिकली नाहीत. मग कोणी दगड भिरकावला, तो यांच्या पायाला लागला. मी किंचाळले, "माणसाला लागतंय रे, नका!" दगड थांबले. तेवढ्यात अँब्युलन्स आली, फाटकाशी उभी राहिली. तिच्यातला माणूस स्ट्रेचर काढून तयार. तोही बिचारा काय करणार? तो म्हणाला, "आधी कुत्रं बाजूला घ्या."

तेव्हा मला तो शब्द आठवला.

मी ओरडून सांगितलं, "याला एक शब्द आहे! तो म्हटला की हा बसतो!" सगळे एकदम बोलायला लागले. बस, बैठ, सिट, चूप, खामोश, सोड, छोड दे. कोणी हिंदीत, कोणी इंग्रजीत. एक जण तर कोर्टात पुकारतात तसं "हाजिर हो!" म्हणाला. जमादार कान हलवत नव्हता. आणि मग, तुझ्या तोंडातनं जन्मात निघायचा न्हाई, हे मला आठवलं, आणि मी सुरुवात केली.

मी माझ्या आयुष्यात 'गाढवा'च्या पुढं शिवी दिलेली नाही. त्या दिवशी मी माझ्या घराच्या पायरीवर उभी राहून, फाटकात माझे निम्मे विद्यार्थी उभे असताना, ऐकलेल्या, भिंतींवर लिहिलेल्या, पोरांच्या वह्यांतून खोडलेल्या सगळ्या शिव्या त्या कुत्र्याला दिल्या. आईवरच्या, बहिणीवरच्या, सगळ्या. प्रत्येक शिवीनंतर थांबून बघत होते की बसतो का. लोक खाली बघत होते. हे माझ्याकडे बघत होते, त्यांचा डावा डोळा वाहत होता, आणि डावा हात त्यांनी उचलला. उचलला आणि फाटकाकडे केला. एकदा, दोनदा. मला वाटलं, म्हणताहेत, लोकांना आत घे. मी रडत म्हटलं, "अहो, कसं घेऊ? येऊ देईना की हा!"

अँब्युलन्समधल्या माणसाच्या हातात कागद होता. त्याच्यानंही दुसरं काही होत नव्हतं, म्हणून त्यानं तेवढं काम उरकायचं ठरवलं असेल. फाटकातून मला विचारलं, "ताई, पेशंटचं नाव काय?"

ओठांवर आलं होतं. अशा वेळीही जीभ वळली नाही. मी म्हटलं, "तिथंच पाटीवर आहे, बघा ना!"

तो खांबाकडे वळला. पाटी वाचली. मनातल्या मनात वाचली, आणि लिहून घेतली.

शेवटी पूर्णेहून जनावरांचे डॉक्टर आले. नागनाथनं एका हातानं ट्रॅक्टरवरची ताडपत्री ओढून दिली, सहा-सात जणांनी ती भिंतीवरून एकदम जमादारच्या अंगावर टाकली, आत उतरून तिच्या कडा दाबून बसले, आणि ताडपत्रीतूनच त्याला इंजेक्शन दिलं. आता सगळे म्हणतात, ताडपत्री आधीच टाकायला पाहिजे होती. मीही म्हणते. पण त्या वेळी ताडपत्रीखाली माझा नवराही होता, आणि चिडलेलं कुत्रं खाली काय करेल हे कोणाला सांगता येत नव्हतं. जमादारनं काहीच केलं नाही. ताडपत्री काढली तेव्हा तो यांच्या गळ्याजवळ तोंड घालून झोपलेला होता, आणि यांचा डावा हात त्याच्या मानेवर होता.

परभणीला डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मेंदूत रक्ताची गाठ अडकली की विरघळवायचं इंजेक्शन असतं. पण त्याला वेळेचं बंधन असतं. अंमळ लवकर आणायला पाहिजे होतं." त्यांना मी काय सांगणार? नवऱ्याला घेऊन निघायला उशीर का झाला, तर आमच्याच कुत्र्यानं फार निष्ठेनं काम केलं म्हणून?

उजवी बाजू गेली. वाचा गेली. समजतं सगळं, बोलता येत नाही.

ईश्वरी पुण्याहून आली, ती नोकरीवर रजा टाकूनच राहिली. पहिल्या दिवसापासून तिचं एकच चाललं होतं, "हे कुत्रं काढून टाक." मीही तेच म्हणत होते. पण घेणार कोण? ज्यानं विकलं तो फोन उचलेना. एक शेतवाला येऊन बघून गेला, म्हणाला, "बाई, पिल्लू असतं तर नेलं असतं. हे बनलेलं हाय." चांगुणाबाईंनी दबक्या आवाजात दुसरा उपाय सुचवला, एका सुईचा. मी हो म्हणणार होते. दवाखान्यात यांच्या कानाशी लागून विचारलं, तर यांनी डाव्या हातानं माझा पदर धरला तो सोडेनात. मग काय करता?

दवाखान्यात होते तोवर मागच्या पडवीत जाळी लावून त्याला ठेवलं होतं. यांचा न धुतलेला सदरा ताटाशेजारी टाकला की थोडं खायचा. हे घरी आले आणि तेही थांबलं. आता सदरा कशाला, माणूसच आलं होतं. जमादारला बैठकीच्या दारात साखळीनं बांधला. यांना पलंगावर टेकून बसवलं, भाकरीचा तुकडा डाव्या हातात दिला. यांनी हात खाली नेला. जमादारची शेपूट हलत होती, जीभ बाहेर, लाळ गळत होती. त्यानं तुकड्याचा वास घेतला आणि मान फिरवली.

यांनी परत पुढं केला. त्यानं परत मान फिरवली, आणि उजव्या हाताकडे बघत बसला. उजवा हात मांडीवर पडला होता. रोज दोन्ही वेळा हे असंच. मी उजवा हात उचलून त्यात तुकडा ठेवायला गेले की तो माझ्यावर गुरगुरायचा. मी लांब झाले की हात गळून पडायचा, तुकडा खाली पडायचा, आणि पडलेलं खायचं नाही. कुत्र्याच्या फासळ्या दिसायला लागल्या. हे ते बघायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. माझा राग कुठल्या कुठं गेला. नवरा पलंगावर, कुत्रं दारात, दोघांचं एकमेकांशिवाय कोणी नाही आणि दोघांना एकमेकांचा काही उपयोग नाही. मी भाकरीचं ताट घेऊन मध्ये उभी. इतकं असहाय मला त्या दिवशी पायरीवरही वाटलं नव्हतं.

बोलण्याचे व्यायाम शिकवायला परभणीहून भक्ती नावाची एक मुलगी यायची. ती म्हणाली, "रोज सोप्या शब्दांनी सुरुवात करा. सगळ्यात आधी स्वतःचं नाव. माणूस बाकी सगळं विसरलं तरी ते आत कुठं तरी राहतं. आणि काकू, तुम्हीच म्हणा, ते तुमच्या तोंडाकडे बघतात."

ती गेल्यावर संध्याकाळी ईश्वरीनं मला खुर्चीवर बसवलं. "म्हण आई."

"तू म्हण."

"मी त्यांना बाबा म्हणते, नाव नाही. आई, आता तरी घे ना! लग्नात उखाण्यात घेतलं होतंस की."

"तेव्हा पुटपुटले होते, कोणाला ऐकू गेलं नव्हतं."

यांच्या डोळ्यांत काही तरी हललं. मला वाटलं, नेहमीसारखं हसू येतंय. हे माझ्याकडे बघायला लागले, मग दाराकडे, मग माझ्याकडे, आणि डावा हात कठड्यावर आपटायला लागले. मी घाबरले. म्हटलं, "बरं, बरं, घेते. चिडू नका." पदर डोक्यावर घेतला. कसं म्हणावं ते सुचेना, म्हणून सासूबाई परसदारातून पुकारायच्या तसंच म्हटलं.

"राधाकिसन."

दारात साखळी वाजली. मी वळून बघितलं. जमादार खाली बसला होता. पुढचे पाय लांब करून, हनुवटी फरशीला टेकून. कान पडलेले, अंग सैल.

ईश्वरी कुजबुजली, "आई, परत म्हण."

मी परत म्हटलं. त्याची शेपूट एकदा फरशीवर आपटली. मी ताट घेतलं, त्याच्यासमोर बसले आणि भाकरीचा तुकडा पुढं केला. त्यानं माझ्या हातातून खाल्ला. दुसरा खाल्ला. सगळी भाकरी खाल्ली, ताट चाटलं, माझी बोटं चाटली. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तर त्यानं डोळे मिटून घेतले.

एवढंच होतं. फाटकाच्या पाटीवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं. तो अँब्युलन्समधला माणूस मोठ्यानं वाचता तरी पुरलं असतं. कोणी नुसतं विचारलं असतं, की बाई, साहेबांचं नाव घेऊन बघा... आणि यांचा तो डावा हात, लोकांकडे होता की पाटीकडे, ते आता कोणाला विचारू? मी पलंगाकडे बघितलं. हे रडत होते, आणि अर्ध्या तोंडानं हसतही होते. मी ताट बाजूला फेकलं. मी म्हटलं, "अहो, मला सांगायचं ना! मला एकटीला सांगायचं!" आणि यांच्या छातीवर डोकं आपटून इतकी रडले की ईश्वरीनं मला ओढून काढलं.

आता मी दिवसातून कितीदा तरी नाव घेते. सकाळी चहा पाजताना, अंग पुसताना, दुपारी, दिवे लागणीला. जीभ अजिबात अडत नाही. चांगुणाबाई आधी कानावर हात ठेवायच्या, आता त्याही सरावल्या. भक्तीनं सांगितलंय तसं यांच्या समोर बसते, तोंड मोठं उघडते आणि तोडून तोडून म्हणते, रा-धा-कि-सन. हे माझ्या ओठांकडे बघतात, सगळा जोर लावतात, कपाळावर शिरा येतात, आणि "आ... आ..." करून थांबतात. मी परत म्हणते.

दर वेळी दारात जमादार खाली बसतो.